रान सर्वांचे, वाट कोणाची?

ग्वाल्हेरहून शिवपुरीकडे निघाले आणि घाटीगाव, मोहना ही गावे मागे पडू लागली, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ठेंगण्या टेकड्या, खैर, धावडा व पळस यांची विरळ राने आणि मधूनमधून शेते दिसू लागतात. पटवाऱ्याच्या नकाशात यांतील पुष्कळशी जमीन सरकारी म्हणून दाखविलेली असते. सरकारी म्हणजे सर्वांची, असा आपला साधा हिशेब. परंतु त्या सर्वांच्या जमिनीवर जावयाचे झाले तर पाऊल कोठून टाकावयाचे? रस्त्यालगत एका खातेदाराचे शेत, त्याच्या मागे दुसऱ्याचे, आणि त्या शेतांच्या पलीकडे ते रान. पुढच्या शेताला तारांचे कुंपण पडले आणि मालकाने ‘इकडून जाता येणार नाही’ असे सांगितले, तर नकाशातील ती सरकारी जमीन आपल्या कितीशी उपयोगाची? मालकी सर्वांची आणि वाट मात्र एकाच्या हाती, अशी ही विलक्षण स्थिती आहे.

हा प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेत काही शिकाऱ्यांमुळे तो अलीकडेच थेट वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला, आणि तो समजून घेतल्यास आपल्याकडील प्रश्नावर चांगला प्रकाश पडतो. म्हणून प्रथम तिकडची हकीकत सांगतो.

अमेरिकेच्या पश्चिम भागात रेल्वे नेण्यासाठी १८६२ साली तेथील सरकारने रेल्वे कंपन्यांना जमिनी देण्याचे ठरविले. रुळांच्या दोन्ही बाजूंच्या प्रदेशाचे एकेक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे, तुकडे पाडले. एक तुकडा कंपनीला द्यावयाचा, त्याच्या शेजारचा सरकारने राखावयाचा, पुन्हा पुढचा कंपनीला, असा क्रम ठेवला. त्यामुळे त्या प्रदेशाचा नकाशा अगदी बुद्धिबळाच्या पटासारखा झाला. पांढरी घरे खाजगी आणि काळी घरे सरकारी, अशी कल्पना करावी. आता पटावर एका काळ्या घरातून दुसऱ्या काळ्या घरात जावयाचे तर उंटासारखे तिरके, कोपऱ्यातूनच गेले पाहिजे. परंतु कोपरा म्हणजे केवळ एक बिंदू. त्या बिंदूला रुंदी नाही. माणसाच्या देहाला मात्र रुंदी आहे. तेव्हा कोपरा ओलांडताना त्याचा खांदा क्षणभर खाजगी घराच्या हवेतून जाणारच.

वायोमिंग राज्यातील एल्क माउंटन या डोंगराजवळ नेमके हेच घडले. एल्क हा सांबरासारखा मोठा हरिण. त्याच्या शिकारीसाठी मिझुरी राज्यातून चार जण आले. सरकारी जमिनीवर शिकार करण्याचे परवाने त्यांच्याजवळ होते. एका कोपऱ्यावर खाजगी मालकाने दोन खांब रोवून त्यांत साखळी बांधली होती. २०२१ साली या शिकाऱ्यांनी घरून बनवून आणलेली पोलादी शिडी त्या खांबांवरून उभी केली, आणि एका सरकारी चौकोनातून चढून ते दुसऱ्या सरकारी चौकोनात उतरले. खाजगी भूमीला त्यांचे पाऊल लागले नाही. तरीही त्यांच्यावर अतिक्रमणाचा खटला झाला. २०२२ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरविले. मालकाने दिवाणी दावाही लावला होता आणि नुकसानीचा आकडा सत्तर लाख डॉलरांवर नेला होता. जमिनीचा स्वामी तो तिच्यावरील आकाशाचाही स्वामी, या जुन्या तत्त्वावर त्याची भिस्त होती.

न्यायालयाने याचा निर्णय एका जुन्या कायद्यावरून केला. एकोणिसाव्या शतकात मोठमोठे गुरेपालक स्वतःच्या जमिनीवरच कुंपणे घालून मधल्या सरकारी जमिनी आत कोंडीत असत. त्याला आळा घालण्यासाठी १८८५ साली सरकारी जमिनी कोंडण्यास बंदी करणारा कायदा झाला. ही बंदी स्वतःच्या जमिनीवर घातलेल्या कुंपणालाही लागू पडते, असा तेथील सर्वोच्च न्यायालयाचा १८९७ चा निर्णय आहे. त्याच धोरणाने वरिष्ठ न्यायालयाने १८ मार्च २०२५ रोजी शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. खाजगी जमिनीला न शिवता कोपरा ओलांडणाऱ्यास मालकाने अडविणे म्हणजे सरकारी जमीन कोंडणेच होय, असा त्याचा आशय. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने मालकाचे अपील ऐकण्यास नकार दिला. त्यामुळे वायोमिंग, कोलोराडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस व ओक्लाहोमा या सहा राज्यांपुरता हा नियम पक्का झाला.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. १९७९ साली याच राज्यातील एका खटल्यात खुद्द सरकारने असा दावा केला होता की, आम्ही जमिनी दिल्या तेव्हा त्यांतून जाण्यायेण्याचा हक्क न बोलताच राखून ठेवला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. सरकारला रस्ता हवा असेल तर त्याने मोबदला देऊन तो घ्यावा, असे सांगितले. म्हणजे जमीन वाटून देताना वाट लिहून ठेवावयाची राहिली, आणि त्या एका विसराची किंमत तो देश दीडशे वर्षांनंतरही मोजीत आहे.

आता आपण ग्वाल्हेरकडे वळू. येथे शिकाऱ्याला वाटेची अडचण कधी पडली काय? संस्थानी अमदानीत ती पडण्याचे कारणच नव्हते, कारण शिकार ही दरबारची बाब होती. माधवराव महाराज शिंदे यांच्या कारकीर्दीत शिवपुरी ही ग्वाल्हेरची उन्हाळी राजधानी झाली. दोन फुटी रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे १८९९ साली तेथपर्यंत पोचली. शिवपुरीभोवतालची राने वाघाच्या शिकारीसाठी राखलेली होती. रानात तलाव बांधले गेले आणि टेकडीवर जॉर्ज कॅसल उभा राहिला. दरबारच्या पाहुण्यास मचाणापर्यंत नेण्याची सारी व्यवस्था असे, आणि हाका घालण्यासाठी गावोगावची माणसे लागत. मधले शेत कोणाचे, हा प्रश्न शिकारीच्या स्वारीला कोणी विचारीत नसे. राखीव रानाच्या कडेला राहणाऱ्या माणसाची गोष्ट निराळी. त्याने आत जावे की नाही, मोळी आणावी की नाही, हे दरबारच्या मर्जीवर होते. अमेरिकेत वाट अडली ती शिकाऱ्याची. आपल्याकडे शिकाऱ्याला वाट होती, ती नव्हती गावकऱ्याला.

१९४८ साली ग्वाल्हेर मध्यभारतात विलीन झाले आणि १९५६ साली मध्यभारत मध्यप्रदेशात. दरम्यान १९५१ मध्ये मध्यभारताने जमीनदारी व जहागिरी नष्ट करणारे कायदे केले. जमीनदारांच्या ताब्यातील पडीत जमिनी, जंगले, तलाव व वाटा सरकारकडे आल्या. शिवपुरीच्या राखीव रानाचे राष्ट्रीय उद्यान झाले. शिकार काही काळ परवान्यावर चालली. परवाना मिळाला म्हणजे दुसऱ्याच्या शेतातून जाण्याचा हक्क मिळाला, असे मात्र तेव्हाही नव्हते. परवाना जनावराचा होता, वाटेचा नव्हता. पुढे १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरील शिकारही संपली. २००६ चा वनाधिकार कायदा वनवासी जनतेच्या परंपरागत हक्कांना मान्यता देतो. परंतु शिकारीचा व सापळे लावण्याचा हक्क त्यातून त्याने स्पष्ट शब्दांत वगळला आहे.

तेव्हा शिकारी गेला. वाटेचा प्रश्न गेला नाही. आज त्या वाटेने जाणारी माणसे वेगळी आहेत. गुरे चारणारा गुराखी आहे. तेंदूपत्ता, मोहाची फुले, चारोळी व सालईचा डिंक गोळा करणारी सहरिया कुटुंबे आहेत. स्मशानाकडे किंवा तलावाकडे जाणारा गावकरी आहे. त्यांना पलीकडे जावयाचे आहे ते मौजेखातर नव्हे. चराईचे रान बंद झाले तर गुरे विकावी लागतात आणि हंगामात डिंक मिळाला नाही तर त्या वर्षाचे देणे फिटत नाही.

वाट बंद होते ती कशी, हेही पाहिले पाहिजे. एका दिवसात ती बंद होत नाही. बैलगाडीच्या दोन चाकोऱ्यांची वाट असते. अलीकडचा शेतकरी नांगरताना एक तास तिच्यात घालतो, पलीकडचाही घालतो. चार वर्षांत गाडीवाटेची पायवाट होते. शहर जवळ आले की जमीन विकली जाते. जुन्या मालकाला गावाची रीत ठाऊक होती. नव्या मालकाला केवळ खरेदीखत ठाऊक असते आणि खरेदीखतात वाटेचा उल्लेख नसतो. तो भोवती भिंत घालतो. त्याच्या दृष्टीने त्याने काहीच गैर केलेले नसते. त्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. उभ्या पिकातून कोणीही कोठूनही जाऊ लागले, गुरे आत शिरू लागली, तर कोणता शेतकरी स्वस्थ बसेल? म्हणून वाट कोठे आहे आणि कोठे नाही, हे निश्चित असणे दोघांच्याही हिताचे आहे.

आपला कायदा या बाबतीत मुका नाही. मध्यप्रदेशच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेतील १३१ वे कलम याच प्रसंगासाठी आहे. शेतकऱ्याने आपल्या शेताकडे, अथवा गावच्या पडीत किंवा चराईच्या जमिनीकडे, कोणत्या वाटेने जावे याविषयी तंटा उत्पन्न झाला, तर तहसीलदार जागेवर चौकशी करतो. पूर्वीची रीत काय होती आणि सर्व पक्षांची सोय कशात आहे, हे पाहून तो निर्णय देतो. येथे चराईच्या जमिनीचा उल्लेख आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. मध्यप्रदेशात जिला चरनोई म्हणतात आणि महाराष्ट्रात गायरान, त्या सार्वजनिक भूमीपर्यंत पोचण्याची वाट कायद्याने विचारात घेतली आहे. मान्य झालेली वाट कोणी अडविली तर दंड करण्याची व अडथळा दूर करण्याची तरतूद पुढील कलमांत आहे.

तथापि याला एक मर्यादा आहे. १३१ वे कलम बोलते ते शेतकऱ्याविषयी. ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्या मजुराने किंवा सहरियाने काय करावे? त्याचा आधार दुसऱ्या दोन कागदांत आहे. एक निस्तार पत्रक. गावच्या सरकारी जमिनीवर चराई, सरपण, माती, दगड इत्यादींविषयी गावकऱ्यांनी काय व कोणत्या शर्तींवर घ्यावे, हे त्यात लिहिलेले असते. दुसरा कागद वाजिब-उल-अर्ज. गावात पाण्याच्या, वाटेच्या व तत्सम ज्या रूढी आहेत त्यांची ही नोंद होय. संहितेचे २४२ वे कलम तिच्याविषयी आहे. शिवाय वनाधिकार कायद्याने निस्तार, चराई व गौण वनोपज यांचे हक्क मान्य केले आहेत, आणि ग्रामसभेला त्यांची सुरुवातीची छाननी करण्याचा अधिकार दिला आहे.

वाजिब-उल-अर्जाविषयी थोडे अधिक सांगतो, कारण साऱ्या विषयाची किल्ली तेथे आहे. ही नोंद प्रसिद्ध झाल्यावर ज्याला ती मान्य नसेल त्याने एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावला पाहिजे. एरवी ती अंतिम समजली जाते. नोंदीत पुढे फेरफार करावयाचा किंवा नवी नोंद घालावयाची तर उपविभागीय अधिकाऱ्यास तसा अधिकार आहे, परंतु त्यासाठी सामान्यतः दोन मार्ग आहेत. संबंधित सर्वांची तशी इच्छा असली पाहिजे, किंवा दिवाणी न्यायालयाचा तसा निर्णय असला पाहिजे. यातले मर्म असे. जोवर शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने नांदत आहेत आणि वाट चालू आहे, तोवर संमती मिळविणे म्हणजे एका बैठकीचे काम असते. जमीन विकली गेली, भिंत उभी राहिली, की पहिला मार्ग संपला. मग उरतो दुसरा, आणि न्यायालयाची पायरी चढणे गुराख्याला किती झेपणारे असते हे सांगावयास नको.

१८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचेही तत्त्व असेच आहे. ज्या जमिनीला दुसरी वाटच नाही तिला गरजेपोटी वाट मिळू शकते. परंतु दोन्ही जमिनी पूर्वी एकाच मालकाच्या होत्या आणि विक्रीने किंवा वाटणीने अलग झाल्या, असे दिसले पाहिजे. वीस वर्षे उघडपणे, शांतपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता वापरलेल्या वाटेवर अधिकार उत्पन्न होतो. उलट वीस वर्षे ती वापरलीच नाही तर तो अधिकार लयाला जातो. मालकाच्या परवानगीने चालणे मात्र यात मोजले जात नाही. ‘जा बाबा, तुला कोण अडवतो’ असे म्हणणाऱ्या भल्या शेजाऱ्याच्या मुलाने उद्या अडविले, तर बापाच्या भलेपणाचा पुरावा कामास येत नाही.

महाराष्ट्रातील वाचकांनी आपल्या भागाचा नियम स्वतंत्रपणे ध्यानात घ्यावा. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाने तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतो, पण ती शेतजमीन धारण करणाऱ्यास. चालू वाट कोणी अडविली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत गेले पाहिजे. निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज हे कागद विदर्भातील वाचकांना अपरिचित नसतील, कारण जुन्या मध्यप्रांताचा तो वारसा तेथील गावांसाठी याच संहितेत जपून ठेवला आहे.

याच्या उलट एक आक्षेप येईल. वाटा मोकळ्या ठेवल्या तर चोरटी शिकार व लाकूडतोड वाढणार नाही काय? हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात प्रवेशावर कायद्याने निर्बंध घातले आहेत आणि तेथे हक्क काय राहतील हे ठरविण्याची वेगळी पद्धत आहे. शिवपुरीचे माधव राष्ट्रीय उद्यान मार्च २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झाले, आणि त्याच्या कडेने सुमारे १३ किलोमीटर लांबीची संरक्षक भिंत बांधण्यात आली. वाघ आणि वस्ती यांच्यामध्ये भिंत हवी, हे समजण्यासारखे आहे. परंतु ती भिंत शासनाने, कायद्याने, जाहीरपणे आणि सार्वजनिक हेतूने घातली आहे. तिचा जाब विधानसभेत विचारता येतो. एखाद्या खातेदाराच्या कुंपणामुळे सरकारी रान त्याचे एकट्याचे होऊन बसते, तेव्हा असा जाब कोणाला विचारावयाचा? वाट बंद झाली म्हणजे त्या रानाचे रक्षण झाले, असेही नव्हे. जेथे कोणी जात नाही तेथे काय चालले आहे हे कोणाला दिसत नाही. गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी पंजाबातील एका प्रकरणात कडक निर्णय दिला आणि अशी अतिक्रमणे हटविण्याच्या योजना आखण्यास सर्व राज्यांना सांगितले. परंतु अतिक्रमण झाले आहे हे आधी कोणाच्या तरी दृष्टीस पडावयास हवे, आणि दृष्टीस पडण्यासाठी तेथपर्यंत जाता यावयास हवे.

इंग्लंडात १९४९ साली एक कायदा करून परगण्यापरगण्यातील सार्वजनिक पायवाटांचे नकाशे तयार करण्याचे काम सुरू करण्यात आले. नकाशावर आलेली वाट हा तेथे निर्णायक पुरावा मानला जातो. आपल्याकडे निराळा कायदा करण्याचीही गरज नाही. नोंदवही आधीपासून आहे. ती उघडून पाहिली पाहिजे. ग्रामसभेच्या एखाद्या बैठकीत तहसिलीतून वाजिब-उल-अर्जाची नक्कल आणून मोठ्याने वाचावी. नोंदलेल्या वाटा प्रत्यक्ष चालून पाहाव्या. ज्या चालतात पण नोंदलेल्या नाहीत, त्यांची यादी करून सर्व खातेदारांच्या सह्या घ्याव्या आणि उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. जमीन विकत घेणाऱ्यानेही सातबारा किंवा खसरा पाहतो तसा हा कागद पाहावा. म्हणजे भिंत बांधून झाल्यावर ती पाडण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही.

वायोमिंगमधील शिकाऱ्यांचा तंटा एका बिंदूवरून झाला आणि त्या बिंदूचा निकाल लागण्यास काही वर्षे लागली. आपल्या गावातील तंटा एका गाडीच्या रुंदीचा असतो. त्या गाडीवाटेची साक्ष देऊ शकणारी वृद्ध माणसे आज हयात आहेत. त्यांना विचारून ती लिहून घेण्याचे काम याच पिढीला करावे लागेल.